पान तीनशे एकोणऐंशीपासून

३ फेब्रुवारी, सोमवार

ईश्वराला साक्ष ठेवून लिहितो, की या वहीत मी पाहिले तेच लिहीन, आणि ऐकले ते ऐकले म्हणूनच लिहीन. वयाच्या शहात्तराव्या वर्षी दैनंदिनी आरंभण्याचे कारण एकच. या घरात काहीतरी चालले आहे आणि ते मला कोणी सांगत नाही.

प्रथम वस्तुस्थिती. माझ्या गुरूंच्या गुरूंनी एका जुन्या ग्रंथावर रचलेली टीका तीन जुन्या हस्तलिखितांत उरली आहे. आम्ही त्यांना घरगुती नावांनी ओळखतो : थोरली, धाकटी आणि वाळवी. तिसरीचा निम्मा अर्थ वाळवीने पचविला, म्हणून ते नाव. तिन्ही ताडून एक शुद्ध प्रत स्वहस्ते लिहिण्याचे काम मी एकोणीस वर्षे करीत आहे. चारशे बारा पानांपैकी तीनशे शहाण्णव झाली. तीस एप्रिलला ती ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावयाची आहे. तेथील ग्रंथपाल माझा जुना विद्यार्थी. त्याच्या जाड चष्म्यामुळे सारा वर्ग त्याला ढापण्या म्हणे. मी अजूनही म्हणतो. तो दर पंधरवड्याला येऊन ‘सर, किती राहिलं?’ असे विचारून चहा पिऊन जातो.

कामाची रीत अशी. सकाळी मी पान लिहितो. मग ही, म्हणजे माझी पत्नी, जुनी प्रत मोठ्याने वाचते आणि मी माझ्या पानावर बोट ठेवून ऐकतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावाचून कोणतेही पान शुद्ध मानू नये, हा गुरूंचा दंडक. लग्न होऊन आली तेव्हा हिला जुन्या वळणाचे एक अक्षर वाचता येत नव्हते. मी पाटीवर कित्ता घालून दिला, हिने तो वर्षभर गिरविला. त्याला आता एक्केचाळीस वर्षे झाली.

दुसरा दंडक : एका प्रतीत दोन अक्षरे आढळली, तर दुसरा हात संशयित मानावा. दुसरा हात म्हणजे मागाहून आत शिरलेला कोणीतरी. कधी अजाण, कधी लबाड, पण नेहमी उपरा.

काल शुद्ध प्रतीच्या पेटीतील एक पान उजेडात धरले. शाई माझ्या दौतीतील नव्हती.

माझ्या प्रतीत दुसरा हात शिरला आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डोळे तपासायचे आहेत असे सांगून लेकीने मला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. हे पहिले कपट. तेथे मला चालविले, वळविले, बोटे मिटवून उघडावयास लावली. मग अकरा वाजून दहा मिनिटे झालेले घड्याळ काढावयास सांगितले. मी सुबक घड्याळ काढले. थोड्या वेळाने बाईंनी तो कागद लेकीला दाखविला, तेव्हा त्यातील सर्व आकडे उजव्या अंगाला दाटीवाटीने उभे होते, जणू बस चुकेल म्हणून. कागद केव्हा बदलला हे मला सांगता येणार नाही. परंतु बाईंच्या टेबलावर तसल्याच कागदांचा गठ्ठा होता, हे मी पाहिले.

“झोपेत हातपाय झाडतात का हो?” असे बाईंनी सोबत आलेल्या हिला विचारले. ही “कधीमधी” म्हणाली आणि हिने आपली बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. का ओढली?

नंतर बाई माझ्याकडे वळल्या. “आजोबा, स्पष्ट सांगू? हात कापणं, अंग आखडणं, पावलं लहान पडणं, हा पार्किन्सनचा भाग. विसरणं, गोंधळणं, हा अल्झायमरचा. पुस्तकात दोघांची घरं वेगळी. पण म्हातारपणी मेंदूत बघायला गेलं तर दोघांचा कचरा पुष्कळदा एकाच खोलीत सापडतो. तुमच्यात थोडा हा आहे, थोडा तो.”

“पण नक्की कुठला?” लेकीने विचारले.

“आधी कुठला आला त्यावर आम्ही पाटी लावतो. आत दोघं एका ताटात जेवतात.”

गोळ्यांविषयीही त्या बोलल्या. हात मोकळा करणारी गोळी वाढविली, की नसलेली माणसे दिसू शकतात. ती माणसे घालविण्याची गोळी दिली, की अंगाचे लाकूड होते. तारेवरची कसरत आहे, म्हणाल्या.

मी त्यांना सांगितले, की आमच्या विद्येत यास संकरित प्रत म्हणतात. लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या कुळांच्या पोथ्या समोर ठेवून, कधी हिच्यातून तर कधी तिच्यातून घेतलेली प्रत. तिचे एकच मूळ शोधू जाणारा जन्मभर चकतो. बाई एवढ्या आनंदल्या, की त्यांनी ते लिहून घेतले. लेक रिक्षात म्हणाली, “बाबा, तुम्ही म्हणजे ना, डॉक्टरांचीच तोंडी परीक्षा घेता.”

बाईंचा सिद्धान्त मला मान्य आहे. तो माझ्याविषयी आहे, एवढे मात्र त्यांनी सिद्ध केले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पूजेच्या फुलांना वास नाही. फुलवाल्यास बोललो. तो म्हणाला, “आजोबा, दोन हात लांब उभं राहिलं तरी येतोय की!” आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसला. तोही त्यांतलाच.

दुपारी पेटी उघडून कालचे पान पाहिले. वळणदार, मोकळे, जणू तिशीतील अक्षर. मी हिला हाक मारून म्हणालो, “बघ, अक्षर कसं लागलंय आज!” ही डोळ्यांत कचरा गेला म्हणून आत गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. करडा कोट, मांडीवर उघडे पुस्तक. मी नमस्कार केला, त्यांनी केला नाही. पाऊण तास मी पाहत होतो. त्यांनी एकदाही पान उलटले नाही. मी त्यांना मूकवाचक असे नाव दिले आहे.

हिला विचारले, “यांना घरात कोणी घेतलं?”

“कुणाला हो? तिथे तुमची शाल टाकलीय खुर्चीवर.”

“शाल पुस्तक वाचत नाही.”

“बरं. मग त्यांचं वाचून झालं की सांगा, घडी घालून ठेवते.”

दोरीला साप समजण्याचा दृष्टांत मी वर्गात तीस वर्षे शिकविला. भ्रमाची परीक्षा सोपी आहे : दिवा आणावा, म्हणजे साप जातो. मी उठून दिवा लावला. गृहस्थ तसेच बसून राहिले. अर्थात ते खरे आहेत.

आणि ते खरे असतील, तर ही खोटे बोलते. एक्केचाळीस वर्षांत हा विचार माझ्या मनात प्रथमच आला, हेही येथे नोंदवून ठेवतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सापडले.

ही बाजारात गेली असता कपाटाचा खालचा खण उघडला. पलंगपोसांच्या खाली फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. आत आमच्या टीकेची एकवीस पाने. तीनशे एकोणऐंशीपासून तीनशे नव्व्याण्णवपर्यंत, एकही न गळता!

ही पाने पेटीतही आहेत. म्हणजे प्रत्येक पान दोनदा लिहिले गेले आहे.

पेटीतील पाने माझी. ठसठशीत, गोल, ओळीच्या आरंभापासून अंतापर्यंत एकाच उंचीची. गठ्ठ्यातील अक्षर कोणा कृपणाचे. ओळ बऱ्यापैकी सुरू होते आणि पुढे जाता जाता आटत जाते. शेवटची चार अक्षरे तर मुंगीने शाईत पाय बुडवून चालावे तशी. काना आहे की कागदाचा धागा, हे भिंगावाचून कळत नाही. असले अक्षर मी जन्मात काढले नाही.

निष्कर्ष उघड आहे. कोणीतरी माझ्या प्रतीवरून दुसरी वाईट प्रत तयार करीत आहे. तीस एप्रिलला पेटीतील पाने काढून ही घातली जातील, आणि एकोणीस वर्षांची तपश्चर्या मुंग्यांच्या वारुळात जाईल. लोक म्हणतील, म्हातारा थकला होता.

गठ्ठा होता तसा बांधून ठेवला. गाठ मारण्यास बराच वेळ लागला. बोटे हल्ली थंड असतात.

जाता जाता, या वहीविषयीही तक्रार आहे. कारखान्याने ओळी इतक्या जवळ आखल्या आहेत, की शब्द आपोआप दडपले जातात.

१ मार्च, शनिवार

संशयितांचा विचार केला.

ढापण्या : जुने वळण जाणतो, परंतु पंधरा दिवसांतून एकदा येतो आणि तेव्हा माझ्या नजरेसमोर असतो. लेक : जुने वळण तिला येत नाही, लहानपणी कित्त्यावर तिने मांजरे काढली. मूकवाचक : रोज असतात, पण त्यांच्याजवळ टाक कधी पाहिला नाही.

उरते ही.

ही महिनाभर वेगळ्या खोलीत झोपते. आज हिच्या मनगटावर जांभळा डाग दिसला. विचारले, तर म्हणाली, “झोपेत तुम्ही कुणाशी तरी जोरजोरात भांडत होता. उठवायला आले, मधे माझा हात आला.” मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. तो डाग दुसऱ्या कशाचा तरी आहे. रोज तासन् तास टाक धरणाऱ्याचे मनगट सुजते, हे मी स्वानुभवाने जाणतो.

गोळ्या मी जिभेखाली धरतो आणि मग कुंडीत टाकतो. रोप टवटवीत आहे. त्याला कंप नाही.

९ मार्च, रविवार

सापळा लावला.

प्रतींची चोरी पकडण्याची जुनी युक्ती आहे. दोन प्रतींत एकच चूक आढळली, तर एक दुसरीवरून उतरविलेली असते. आज पान चारशे दोन लिहिताना मी एक संपूर्ण वाक्य हेतुपुरस्सर गाळले : ‘ज्याला पाहणारा दिसला, त्याला पाहिलेल्याचे भय उरत नाही.’ टीकेतील माझे सर्वांत आवडते वाक्य. ही वाचीत असता त्या ठिकाणी माझे बोट कागदावर पुढे सरकले आणि मी चकार शब्द काढला नाही. गुरूंची क्षमा मागितली. पान पेटीत ठेवून दुपारी नेहमीप्रमाणे पडलो.

झोपेचे सोंग घेण्याचे ठरविले होते. झोप लागली.

११ मार्च, मंगळवार

सापळ्यात चोर सापडला, परंतु तो माझ्या कल्पनेपेक्षा हुशार आहे.

गठ्ठ्यातील मुंगीच्या पान चारशे दोनमध्ये ते वाक्य नाही. अपेक्षेप्रमाणे. माझ्या पानावरूनच ते उतरविले, हे सिद्ध झाले.

पण पेटीतील माझ्या पानावर ते वाक्य आहे!

मी तीनदा वाचले. जेथे गाळले होते तेथेच, माझ्याच अक्षरात, पुढच्या-मागच्या शब्दांना धक्का न लावता. खोडल्याची खूण नाही, खरवडल्याची नाही. चोराने माझी चूक माझ्या पानावरून पुसली आणि आपल्या पानात ठेवून घेतली. अशी सफाई मी थोरलीतही पाहिलेली नाही.

ज्याने ते वाक्य भरले, त्याला ते पाठ आहे. ढापण्यास पाठ नाही. परीक्षेत तो येथेच अडखळला होता. ते वाक्य पाठ असलेली माणसे या जगात दोन आहेत. त्यांतील एक मी.

१४ मार्च, शुक्रवार

स्वयंपाकघरातील बाई ही नाही.

चेहरा तोच. साडी तीच. चहाचा कप बशीवर ठेवण्याची तऱ्हाही तीच. पण ही नाही.

म्हणालो, “आमच्या घरातली बाई कुठं गेली?”

तिने हात पुसले. “मीच ती, अहो.”

“प्रत उत्तम आहे,” मी म्हणालो. “मूळ कुठं आहे?”

ती ओट्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “बसा. चहा गार होतोय. मूळ आलं की त्याला दुसरा करून देऊ.”

१५ मार्च, शनिवार

आज मन स्वच्छ आहे. सकाळी प्रार्थना विनासायास पाठ म्हटली. हिने केलेला चहा उत्तम होता.

वही उघडली तर कालच्या तारखेची एक नोंद आढळली. तिचे अक्षर अत्यंत बारीक आहे, आणि तीत हिच्याविषयी असे काही लिहिले आहे, की जे मी लिहिणे शक्य नाही. म्हणजे दुसरा हात आता या वहीतही पोहोचला. वहीची जागा बदलतो. शब्दकोशाच्या मागे.

२२ मार्च, शनिवार

वही तीन दिवस सापडत नव्हती. शब्दकोशाच्या मागे मिळाली. तेथे कोणी ठेवली?

निर्णय घेतला. लेकीला दूरध्वनी केला. “दोन तारखेला ये आणि तुझ्या आईला घेऊन जा. प्रत संग्रहालयात पोहोचेपर्यंत ती या घरात नको. नंतरचे नंतर पाहू.”

“बाबा, आई तुमचं सगळं करते...”

“सगळं करते, हीच तर माझी तक्रार आहे.”

ती रडू लागली. मग म्हणाली, “मी ग्रंथपाल काकांनाही बोलावते. तुम्ही निदान त्यांचं ऐकता.” बोलाव म्हणालो. पंचाच्या समोर झालेले बरे.

शास्त्रात क्रोधाला विस्मृतीचा बाप म्हटले आहे. मी क्रोधावलेलो नाही. पुरावा पाहून निर्णय देत आहे.

हिला सांगितले. ही भांडली नाही. “बरं” म्हणाली, आणि पुढच्या आठवड्याच्या माझ्या गोळ्या वारांच्या डबीत भरू लागली. चोराने एवढे निमूट असू नये. त्याने मला अधिकच संशय येतो.

२ एप्रिल, बुधवार

जे घडले ते क्रमाने लिहितो. हळू लिहितो.

दहा वाजता लेक आली, पाठोपाठ ढापण्या. हिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मूकवाचकही आपल्या जागी होते. त्यांची मी साक्षीदारांत गणना केली नाही.

मी पेटी आणि गठ्ठा दोन्ही टेबलावर मांडले. शाई, सापळा, गाळलेले वाक्य, सारे क्रमवार सांगितले. माझ्या मते ते माझे सर्वोत्तम व्याख्यान झाले. शेवटी म्हणालो, “पेटीतला हात माझा. गठ्ठ्यातला हिचा. हिने आज घर सोडावं.”

लेक आईकडे पाहत राहिली. ही म्हणाली, “मी जाते. पण शेवटची चार पानं तुम्हाला वाचून कोण दाखवणार, तेवढं ठरवा.”

ढापण्याने चष्मा काढून पुसला. त्याला वेळ हवा असला की तो चष्मा पुसतो; विद्यार्थिदशेपासूनची खोड.

“सर, एक विचारू? अक्षराचा संशय आला की निकाल कसा द्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?”

“माणसाला समोर बसवावं. एकच ओळ लिहून घ्यावी.”

“मग घेऊ या की. दोघांचीही. म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.”

मला आनंद झाला. शिष्य असावा तर असा. ओळ मीच निवडली : ते गाळलेले वाक्य.

प्रथम ही बसली. मी कोरा कागद स्वतः दिला, टाक स्वतः दिला. ही म्हणाली, “राहू द्या ना. मी कबूल करते, मीच केलं.” ढापण्या म्हणाला, “नाही वहिनी, लिहा.” हिने लिहिले. कशाकडे पाहिले नाही. गोल, ठसठशीत, आरंभापासून अंतापर्यंत एकाच उंचीचे.

“पाहिलं?” मी ओरडलो. “माझ्या अक्षराची केवढी हुबेहूब नक्कल! वर्षानुवर्षांची तयारी आहे!”

“आता तुम्ही, सर.”

मी बसलो. कागद माझ्यासमोर होता आणि तो कोणीही हलविला नाही. मी टाक बुडविला. ‘ज्याला’ हा शब्द चांगला उतरला. ‘पाहणारा’ त्याहून थोडा लहान. मी हाताला आज्ञा केली, की मोठे काढ. हाताने ती ऐकली, असे मला वाटले. ‘भय’पर्यंत आलो तेव्हा टाक कागदावर नुसता टकटक करीत होता, दारावर कोणी वाजवावे तसा.

ढापण्याने चार कागद एका ओळीत मांडले. पेटीतले पान, त्याच्या शेजारी हिची ओळ. गठ्ठ्यातले पान, त्याच्या शेजारी माझी. या वेळी त्याने चष्मा पुसला नाही.

मी भिंग मागितले. लेकीने दिले. वेलांटीचा कल पाहिला. शिरोरेषा कोठे तुटते ते पाहिले. एकोणीस वर्षे मी जे इतरांच्या पानांवर पाहिले, तेच सर्व पाहिले. घड्याळाच्या कागदाविषयी मला जे म्हणता आले, ते येथे म्हणता येईना. ओळ माझ्या डोळ्यांदेखत लिहिली गेली होती. मुंगी माझ्या टाकातून निघाली होती.

भिंग खाली ठेवून हिला विचारले, “केव्हापासून?”

“तीनशे एकोणऐंशीपासून. तुम्ही दुपारी झोपलात की बसायची. शाई संपली म्हणून एकदा दुसरी दौत आणली, तिथे चुकले.”

“माझी पानं जाळली का नाहीस?”

“तुमची पानं? जाळू?” तिचा आवाज प्रथमच चढला. “फडक्यात बांधून ठेवलीत ती!”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगणारच होते. पण तुम्ही माझं पान हातात धरून म्हणालात, ‘बघ, अक्षर कसं लागलंय आज!’” ही थांबली. “मग काय सांगायचं, तुम्हीच सांगा.”

ते वाक्य गाळले होते, तेही तिच्या लक्षात आले होते. तिला वाटले, मी विसरलो. म्हणून भरले.

३ एप्रिल, गुरुवार

दाराजवळची पिशवी रिकामी झाली. ती रिकामी होत असताना मी खुर्चीत बसून पाहत होतो. आत माझे काही गेलेले नाही ना, हे पाहत होतो. ईश्वराला साक्ष ठेवून लिहिण्याचे वचन दिले आहे, म्हणून लिहितो.

बाकी लिहवत नाही.

३० एप्रिल, बुधवार

आजची नोंद मी सांगत आहे आणि ही लिहीत आहे. त्यामुळे ओळी पुरेशा अंतरावर आल्या आहेत. कारखान्याचा दोष नव्हता.

डॉक्टरीणबाईंना कुंडीची हकिगत सांगितली. त्या हसल्या नाहीत. पण रोप कसे आहे, असे विचारले. गोळ्या आता ही समोर उभी राहून देते आणि मला ‘आ’ करून दाखवावे लागते. हाताला किंचित सवड मिळाली आहे. त्याच्या बदल्यात मूकवाचक दिवसातून दोनदा येतात. आज सकाळी मी हिला विचारले, “आत्ता तिथं कुणी बसलंय का?”

“मला नाही दिसत,” ही म्हणाली. “तुम्हाला दिसत असतील, तर त्यांना म्हणा, पाय जरा वर घ्या, मला झाडायचंय.”

मी म्हणालो. त्यांनी घेतले.

संशय गेला आहे, असे मी लिहविणार नाही. तो जाण्यासारखा नाही, असे बाई म्हणाल्या. हात आणि स्मृती ज्या एका ताटात जेवतात, त्याच ताटात तोही बसतो. परवा दुपारी पुन्हा माझी खात्री झाली, की घरातील बाई दुसरी कोणी आहे. पण आता माझ्याजवळ दंडक आहे. मी कोरा कागद पुढे केला. तिने ते वाक्य लिहून दिले. मी भिंगाने पाहिले. हीच होती. हिचे म्हणणे असे, की लग्नाच्या वर्षी पाटीवर एवढे गिरविले नव्हते, तेवढे या महिन्यात गिरविले. (हे वाक्य हिने आपल्या पदरचे घातले आहे. ऐकून राहू दिले.)

शेवटची पाने हिने लिहिली आणि मी वाचून दाखविली. रीत उलटी झाली, पण दंडक मोडला नाही. पान दुसऱ्याच्या तोंडून ऐकले गेले.

दुपारी ढापण्या पेटी नेण्यास आला. गठ्ठाही तो मागत होता. जपून ठेवू म्हणाला. हिने दिला नाही. “तो घरचा आहे,” म्हणाली.

प्रतीच्या शेवटी लेखनाची हकिगत लिहावयाची प्रथा आहे : प्रत कोणी केली, कशावरून केली, वाचणाऱ्याने काय सांभाळावे. ती मी सांगू लागलो, आणि तिसऱ्या वाक्याला हिने टाक खाली ठेवला.

“हे मी नाही लिहिणार. लोक काय म्हणतील?”

“प्रत करणाऱ्यानं मजकूर बदलायचा नसतो. लिही.”

ढापण्या खिडकीबाहेर पाहू लागला. हिने लिहिले. ते येथेही उतरवून ठेवतो :

‘ही प्रत तीन जुन्या प्रती ताडून केली. पान तीनशे अठ्ठ्याहत्तरपर्यंत पहिला हात आहे, पान तीनशे एकोणऐंशीपासून दुसरा. जेथे वाचणाऱ्यास दोहोंत भेद वाटेल, तेथे पहिल्यावर संशय धरावा आणि दुसरा हात प्रमाण मानावा.’